बुश ठोकण्याआधी

भिलाईत लोखंडाविषयी मत नसलेला माणूस सापडणे कठीण. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून फिटर, टर्नर आणि वेल्डर यांच्या पिढ्या या गावात वाढल्या, आणि त्यांत मराठी घरेही आहेत. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहूनच चालत होता, त्यामुळे विदर्भातून इकडे येणे म्हणजे अगदी परमुलखात जाणे नव्हते. वैशाली नगर हा कारखान्याच्या टाउनशिपबाहेरचा भाग. तिथल्या एखाद्या अंगणात जुन्या महिंद्रा जीपचे, म्हणजे सीजे-थ्रीबीचे, पेट्रोल इंजिन उतरवून ठेवले आहे असे धरू. क्रँक निघाला आहे, पिस्टन निघाले आहेत, आणि नुसता ब्लॉक लाकडी ओंडक्यांवर पालथा पडला आहे. त्याच्या एका बाजूला उभे आहेत कारखान्याच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेले काका, दुसऱ्या बाजूला पुतण्या. हे दोघे कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र खरा आहे, आणि जिथे जिथे कोणी घरी इंजिन बांधायला घेतो तिथे तो होतोच: कॅमशाफ्टचा बुश घरी बसवावा, की ब्लॉक उचलून मशीन शॉपला न्यावा?

काका : अरे, पिस्टन-रिंगा घरी घाल, व्हॉल्व्ह घरी घास, मी काही म्हणणार नाही. पण कॅमचा बुश ही ठोकाठोकीची वस्तू नाही. पातळ पोलादाची नळी, आत व्हाइट मेटलचे अस्तर. हातोडीचा एक घाव तिरका बसला की काठ दबतो, बुश भोकात वाकडा शिरतो, आणि वाकडा शिरलेला बुश सरळ करता येत नाही. काढून फेकावा लागतो. शॉपमध्ये त्याचा ड्रिफ्ट, म्हणजे बुश आत सारायचा दांडा, असतो, लाइन धरायला बार असतो, आणि मुख्य म्हणजे हे काम शंभरदा केलेला हात असतो. तू आयुष्यात एकदा करणार. पहिल्यांदा करणाऱ्याने आपल्या इंजिनावर शिकू नये.

पुतण्या : काका, शंभरदा केलेला हात दहा मिनिटांत काम उरकतो, हेच मला नको आहे. दहा मिनिटांत तो भोक मोजणार नाही, तेलाच्या छिद्रात तार घालून पाहणार नाही. त्याच्याकडे रांगेत आणखी चार ब्लॉक असतात, माझ्याकडे एकच आहे आणि सगळा रविवार आहे. आणि या इंजिनात बुश आहेत तरी किती? एक. पुढचा. बाकीच्या तीन ठिकाणी शाफ्ट थेट ब्लॉकच्या बिडात फिरतो.

पुतण्याचा शेवटचा मुद्दा वस्तुस्थितीला धरून आहे, आणि अशा वादात वस्तुस्थिती सहसा उशिराच येते म्हणून तो आधी पक्का करून घेऊ. या जीपचे इंजिन विलिसच्या घराण्यातले, ‘हरिकेन’ नावाचे, २,१९९ सीसीचे. त्याचा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये चार जागी टेकतो. पुढच्या जागी पोलादी पाठीचा, व्हाइट मेटलचे अस्तर असलेला बुश असतो, आणि तो फिरू नये, सरकू नये म्हणून काठाला टोचा मारून अडकवलेला असतो. मागची तीन भोके ब्लॉकमध्येच मापात कोरलेली आहेत. चारही जर्नल, म्हणजे शाफ्टचे टेकणारे भाग, एका मापाचे नाहीत. पुढचा सुमारे २.१८६ इंचांचा, आणि मागे जाताना लहान होत शेवटचा सुमारे १.६२३ इंचांचा, म्हणजे शाफ्ट पुढून सरळ आत सरकवता यावा. बिडात ग्रॅफाइट असते, ते स्वतः थोडे वंगणाचे काम करते. शिवाय कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्याच वेगाने फिरतो. म्हणून तीन जागी बुशाविना निभावते. पुढच्या जागी मात्र टायमिंग गिअरचा रेटा येतो. तिथेच बुश दिला आहे, तो उगाच नाही.

तेव्हा घरी करायचे काम आहे एका बुशाचे. प्रीमियर पद्मिनीत किंवा जुन्या अँबेसॅडरमध्ये असते तर तीन बुश, आणि ते बसवल्यावर एका रेषेत रीमर फिरवून मापात आणणे आले. मारुती ८०० मध्ये असते तर प्रश्नच नव्हता; तिथे शाफ्ट अॅल्युमिनियमच्या हेडमध्येच फिरतो, बुश नाहीच, आणि हेडची भोके झिजली की बहुधा हेडच बदलावे लागते. ‘कॅमचे बुश घरी बसवावेत का’ या प्रश्नाला सर्व इंजिनांना लागू असे उत्तर नाही, हे एवढ्यावरूनच दिसते. काकांचा आग्रह पद्मिनीच्या बाबतीत मी निमूट मान्य केला असता. जीपच्या बाबतीत तो तपासावा लागेल.

काका : एकच बुश आहे म्हणून सोपा, हे कुठले गणित? एकच आहे म्हणून उलट अवघड. तीन भोके जुनी, त्यांची रेषा ठरलेली. नवा बुश त्या रेषेत बसला पाहिजे. तो केसभर तिरका झाला की शाफ्ट हाताने फिरणार नाही. मग तू काय करशील? पॉलिशपेपर घेऊन घासत बसशील, आणि व्हाइट मेटलमध्ये वाळूचे कण रुतवून ठेवशील. मऊ धातू आहे तो. कण धरून ठेवतो आणि जर्नल खात राहतो.

पुतण्या : म्हणून मी हातोडी घेणारच नाही. आटे पाडलेली लांब सळई ब्लॉकच्या आरपार घालायची. मागच्या तीन भोकांत बसतील अशा कॉलर करून घ्यायच्या, म्हणजे सळई त्यांच्याच रेषेत राहील. पुढे बुशाच्या आतल्या मापाचा, खांदा असलेला ड्रिफ्ट, मागे ब्लॉकच्या तोंडावर जाड पट्टी, आणि नट आवळत जायचा. बुश ओढला जातो, ठोकला जात नाही. तिरका शिरायला लागला तर पाव फेऱ्यात कळते, तिथेच थांबता येते. हातोडीच्या घावाला थांबणे नसते.

इथे पुतण्याची बाजू वरचढ आहे, पण काकांना हसू येईल असा तिच्यात एक कच्चा दुवा आहे. त्या कॉलरी आणि तो ड्रिफ्ट करणार कोण? लेथवाला. आणि त्याला मापे देणार कोण? ज्याने भोके मोजली आहेत तो. म्हणजे घरचे काम घरात सुरू होत नाही. ते मायक्रोमीटर आणि बोअर गेजपाशी सुरू होते आणि वाटेत खरादाच्या दुकानाला हात लावून परत येते. यात कमीपणा काहीच नाही. फक्त ‘सगळे मी घरीच करीन’ हे वाक्य खोटे ठरते. भिलाईसारख्या गावात, जिथे खरादाचे दुकान फार लांब नसते, ते खरे करण्याचा हट्ट तरी कशाला?

आता मोजणे का इतके महत्त्वाचे, ते. बुश भोकात घट्ट बसावा म्हणून त्याचे बाहेरचे माप भोकापेक्षा थोडे मोठे ठेवलेले असते. अशा बुशांत साधारण दोन ते चार हजारांश इंच, दुकानी भाषेत दोन ते चार थाऊ. बुशाची भिंत पातळ आणि ब्लॉक दणकट, त्यामुळे ब्लॉक जागचा हलत नाही आणि बुश आत दाबला जातो. बाहेरून जेवढा दाबला, जवळजवळ तेवढाच तो आतून लहान होतो. याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. बुश पाकिटातून काढून मोजलेले आतले माप कुचकामी आहे. खरे माप भोक ठरवते. भोक एक थाऊ लहान असेल तर तेलासाठीची फट एक थाऊने कमी होते. ती फट मुळातच एक ते अडीच थाऊ. एक थाऊ म्हणजे पंचवीस मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा पुष्कळ कमी. उलट, भोक झिजून किंवा जुना बुश आत फिरून मोठे झाले असेल तर फट वाढते, आणि फटीतून निसटणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फट दुप्पट, तर गळती आठपट. जीप आयडलला उभी असताना तेलाच्या दाबाचा काटा खाली पडतो आणि लोक ऑईल पंप बदलतात. कितीदा तरी दोष पंपाचा नसतो, अशाच झिजलेल्या फटींचा असतो.

म्हणून मला या वादात दोघेही चुकीच्या जागी भांडताना दिसतात. काकांचे लक्ष बुश आत शिरण्याच्या क्षणावर आहे, पुतण्याचेही तिथेच. एकाला हातोडी दिसते, दुसऱ्याला सळई. पण त्या क्षणी काहीच ठरत नाही. ठरायचे ते आधीच, भोक उघडे असताना, ठरलेले असते. ज्याने भोक तीन दिशांनी आणि दोन खोलींवर मोजले, त्याला बुश कसा बसेल हे माहीत असते. ज्याने मोजले नाही, त्याने शॉपमध्ये ठोकला काय आणि अंगणात ओढला काय, त्याला ते नंतर कळते, आणि तेही इंजिन बांधून झाल्यावर.

पुतण्या : आणि बुश फ्रीजरमध्ये ठेवला तर? आकसतो, हाताने सरकतो, असे म्हणतात.

म्हणतात खरे. हिशेब मात्र सोपा आहे. साठ मिलिमीटर व्यासाचा पोलादी बुश बत्तीस अंशांवरून उणे अठरापर्यंत, म्हणजे पन्नास अंश थंड केला तर तो साडेतीन शतांश मिलिमीटर आकसतो. घट्टी आहे पाच ते दहा शतांशांची. म्हणजे फ्रीजर अर्धेमुर्धेच काम करतो, तेही बुश थंड असेपर्यंत. पातळ नळी बिडाच्या भोकाला टेकली की काही क्षणांत तापते, आणि अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकते. शिवाय बाहेर काढताच तिच्यावर दव जमते. अर्ध्या वाटेवर दगा देणाऱ्या सोबत्यापेक्षा सळईचा नट बरा. भिलाईच्या मे महिन्यातली आणखी एक शंका इथेच उरकून घेऊ: उन्हात ब्लॉक तापलेला असताना घेतलेले माप खोटे नाही का? मापनाचे ठरलेले तापमान वीस अंश आहे हे खरे, पण बीड आणि पोलाद जवळपास सारखेच प्रसरण पावतात. ब्लॉक, शाफ्ट आणि मायक्रोमीटर एकाच सावलीत रात्रभर ठेवले तर फरक नगण्य राहतो. ब्लॉक उन्हात आणि मायक्रोमीटर कूलरपुढे, असे मात्र करू नये.

काका : बरे, मोजलेस. भोक मापात आहे, गोल आहे. तेलाचे छिद्र जुळले नाही तर?

हा काकांचा सगळ्यात नेमका प्रश्न, आणि त्याला जुना इतिहास आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या धुऱ्यांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या वरच्या भागात, जिथे भार सर्वांत जास्त येतो तिथे, भोक पाडले. यंत्र सुरू झाले तेव्हा तेल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून वर येऊ लागले. त्याने लाकडी बूच मारले, तर तेही बाहेर फेकले गेले. फिरणारा धुरा स्वतःच तेल ओढून भाराखाली दाब निर्माण करतो, हे तेव्हा उघड झाले, आणि १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्यामागचे गणित मांडले. कॅमशाफ्टला हेच लागू आहे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा शाफ्टला एका बाजूला दाबत असतात. तेल यायचे ते भार नसलेल्या बाजूने. बुशाचे छिद्र ब्लॉकच्या छिद्राशी जुळले नाही तर तेल बंद, एवढे सगळ्यांना कळते. पण कोणी हुशारी करून बुशाला आपल्या सोयीच्या जागी नवे छिद्र पाडले तर तेल येऊनही उपयोग नाही, कारण ते टॉवरच्या बुचासारखे परत फेकले जाऊ शकते. छिद्राची जागा ब्लॉकने ठरवलेली आहे. आपण ती फक्त जुळवायची.

जुळवण्याची रीत अंगणात जमण्यासारखी आहे, किंबहुना अंगणातच नीट जमते. ब्लॉकच्या तोंडावर छिद्राच्या रेषेत मार्करची खूण, बुशाच्या काठावर तशीच खूण, दोन्ही समोरासमोर धरून ओढायचे. भोकाचा धारदार काठ आधी हलक्या हाताने मोडायचा, नाहीतर तो बुशाची पाठ खरवडतो आणि तो कीस मध्ये अडकून बुश आतून फुगतो. बुश जागी आल्यावर तेलाच्या वाटेत बारीक तार घालायची, मग तेलाच्या कुप्पीने दाबून तेल आत येते का ते डोळ्यांनी पाहायचे. त्यानंतर शाफ्टला बोटाने प्रशियन ब्लूचा पातळ हात मारून आत सरकवायचा, एक फेरी फिरवायचा आणि बाहेर काढायचा. निळा डाग जिथे दाट, तिथेच स्क्रेपर चालवायचा, केसाएवढा, आणि पुन्हा पाहायचे. काकांचा पॉलिशपेपरवरचा राग अगदी योग्य आहे. स्क्रेपर धातू काढतो आणि काहीच मागे ठेवत नाही. नवा बुश तयार मापाचा असतो किंवा बसवून रीमर लावायचा असतो. पाकिटावर काय लिहिले आहे ते आधी वाचावे, आणि रीमर लावायचा असेल तर पुढचा विचार न करता ब्लॉक शॉपला न्यावा.

काका : म्हणजे शेवटी शॉपच.

पुतण्या : रीमरचा असेल तर. तयार मापाचा असेल तर नाही.

काकांचा एक आक्षेप अजून उरला आहे, आणि तो सगळ्यात भारी आहे. त्याला मी बगल देणार नाही. हात तयार होतो तो पुन्हापुन्हा करून. बुश तळाशी टेकला की आवाज बदलतो, घट्टी कमी असली की ओढ सैल लागते, हे शंभर बुशांनंतर कळते, पहिल्याला कळत नाही. भिलाईच्या कारखान्यात माणसे अशीच घडली, उस्तादाच्या शेजारी उभे राहून. पुतण्याजवळ हा हात नाही, आणि पुस्तक वाचून तो येणार नाही. हे सारे कबूल. पण सरावाचा हात जे देतो त्याची जागा काही अंशी माप घेऊ शकते. ओढ सैल लागली की नाही हे ज्याला बोटांनी कळत नाही, त्याला बोअर गेजवर आधीच दिसलेले असते. मापाचा काही भाग सरावाने भरून काढता येतो आणि सरावाचा काही भाग मापाने. दोन्ही नसले की मात्र ब्लॉक जातो. आणि ब्लॉक हा बुशासारखा बदलता येत नाही. इंजिन नंबर त्याच्यावर कोरलेला असतो आणि आरसीवर लिहिलेला असतो. दुसरा ब्लॉक घातला तर आरटीओकडे जाऊन नोंद बदलून घ्यावी लागते. जुन्या जीपच्या मालकाला हे बुशाच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडते.

यावरून माझा निकाल असा. घरी करण्याचे काम आणि शॉपला द्यायचे काम यांच्यामधली रेघ हातोडीपाशी नाही, बोअर गेजपाशी आहे. पुढचे भोक गोल आणि मापात, मागची तीन भोके झिजलेली नाहीत, बुश तयार मापाचा: तर पुतण्याने तो अंगणात ओढून बसवावा, आणि मला वाटते तो घाईतल्या दुकानापेक्षा चांगला बसेल. पुढच्या भोकात जुना बुश फिरल्याच्या खुणा दिसल्या, भोक लंबगोल झाले, किंवा मागच्या तिन्हींपैकी एकही मर्यादेबाहेर गेले: तर घरच्या सळईने काहीही सुधारणार नाही. मागचे भोक मोठे कोरून त्यात बुश घालायचा तर चारही जागा एकाच बसवणीत, एकाच बारवर कोरल्या पाहिजेत. ते लाइन बोरिंगच्या यंत्राचेच काम. तिथे काका बरोबर आहेत आणि पुतण्याने ब्लॉक रिक्षात घालावा. वैशाली नगरातून तो न्यायला फार लांब जावे लागणार नाही, ही या गावाची सोय आहे. आणि जाताना स्वतःची मापे कागदावर लिहून न्यावीत, कारण कागद हातात असलेल्या गिऱ्हाईकाचा ब्लॉक दुकानातही मोजला जातो.

काका : कागद ने. पण बुश बसल्यावर त्याला टोचा मारायचा विसरू नकोस.

पुतण्या : तो लक्षात आहे.

काका : आणि मागचे टोपण?

मागचे टोपण म्हणजे शेवटच्या कॅम-भोकाच्या तोंडावर बसणारी पत्र्याची बशी. बुशाच्या चर्चेत ती कोणालाच आठवत नाही. शाफ्ट घालण्यापूर्वी जुनी काढावी आणि नवी सीलंट लावून बसवावी. ती गळली तर तेल थेट क्लचवर उतरते, आणि ती बदलायला गिअरबॉक्स पुन्हा उतरवावी लागते.